फिजिकल केमिस्ट्रीची पेटी: सांगलीत बांधून मिळणाऱ्या संचाची पारख

बी.एस्सी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला लागणारं फिजिकल केमिस्ट्रीचं साहित्य सांगली-मिरजेतली प्रयोगशाळा-साहित्याची दुकानं एकत्र बांधून देतात. साधारण संचात एक थर्मामीटर, तांब्याचा कॅलरीमीटर, ओस्टवाल्डचा व्हिस्कोमीटर, स्टॅलॅग्मोमीटर, ब्युरेट-पिपेट, जस्त आणि तांब्याच्या पट्ट्या, हातात मावणारा कंडक्टिव्हिटी मीटर, पेनासारखा पीएच मीटर, ग्रेटिंग लावलेला छोटा वर्णपटदर्शक आणि एक छापील पुस्तिका असते. शिकवणी चालवणारे, छोटी कॉलेजं आणि घरी नीट अभ्यास करू पाहणारी मुलं हा संच घेतात.

पेटी घेण्याजोगी आहे. मात्र जशी मिळते तशी वापरली तर ती चुकीचे आकडे शिकवते. दोष बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असतो, तो म्हणजे तापमानात. या पेटीतला जवळजवळ कुठलाही प्रयोग घ्या, त्याच्या सूत्रात तापमान उघडपणे किंवा लपून बसलेलं असतंच, आणि याच पेटीतला थर्मामीटर मात्र स्वस्तातला असतो.

थर्मामीटर आधी तपासा

संचात सहसा लाल द्रवाचा, शून्य ते ११० अंशांचा, एकेका अंशाच्या खुणांचा थर्मामीटर टाकतात. त्याची परीक्षा घरी दहा मिनिटांत होते. बर्फ बारीक फोडा, त्यात थोडंसंच डिस्टिल्ड वॉटर घाला. बर्फ तरंगेल इतकं नको, लगदा झाला पाहिजे. थर्मामीटरचा फुगा मधोमध धरून पाच मिनिटं ढवळा. शून्य दिसलं पाहिजे. अर्ध्या अंशाचा फरक असेल तर तो लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक वाचनातून वजा करा.

दुसरी परीक्षा उकळत्या पाण्याची, आणि इथेच बरेच जण फसतात. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० अंशांना उकळत नाही, ९८ च्या जरा वर उकळतं. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास आहे, तिथे ते ९५ ते ९६ च्या दरम्यान उकळतं. ढोबळ हिशेब असा की दर ३०० मीटरला एक अंश उतरतो. त्यामुळे सांगलीत उकळत्या पाण्यात बरोबर १०० दाखवणारा थर्मामीटर जवळजवळ दोन अंशांनी चुकतोय. ‘शंभर दाखवतोय, एकदम बरोबर’ असं काउंटरवर ऐकलं तर तो परत ठेवा. या एका तपासणीत बाष्पदाब, दाब आणि उत्कलनबिंदू यांचं नातं समजून जातं. पुस्तकात हाच विषय प्रावस्था समतोल या प्रकरणात येतो आणि मुलांना उगाच अवघड वाटतो.

गुऱ्हाळावर याच नात्याची दुसरी बाजू दिसते. रस आटत जातो तशी साखरेची तीव्रता वाढते आणि उकळण्याचं तापमान चढत जातं. गूळ उतरवायच्या वेळी ते ११६ ते १२० अंशांच्या आसपास पोहोचलेलं असतं. विद्राव्य घातल्यावर उत्कलनबिंदू वर सरकतो हा नियम यापेक्षा ठसठशीत कुठे दिसणार?

आमचा सल्ला असा: संचातला थर्मामीटर ढवळण्यापुरता ठेवा आणि शून्य ते ५० अंशांचा, एक दशांश अंशाच्या खुणांचा थर्मामीटर वेगळा घ्या. का, ते पुढच्याच प्रयोगात कळेल.

उष्मागतिकी: कॅलरीमीटर बाजूला ठेवा, चहाचे कप घ्या

संचातला तांब्याचा कॅलरीमीटर मुळात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगांसाठी असतो. गरम धातूचा तुकडा पाण्यात टाकायला तो उत्तम, पण आम्ल ओतायला नाही. हवेतल्या ऑक्सिजनच्या संगतीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लही तांबं हळूहळू खातं, भांडं हिरवट होतं आणि द्रावण दूषित होतं. काचेच्या बीकरचं दुखणं वेगळं. शंभर ग्रॅमचा बीकर स्वतः तापताना दर अंशाला सुमारे ८० ज्यूल घेतो. शंभर मि.ली. पाणी घेतं ४१८. म्हणजे बीकर पूर्ण तापला तर सहाव्या हिश्श्याएवढी उष्णता हिशेबाबाहेर जाते.

त्यापेक्षा थर्मोकोलचे दोन कप एकात एक घाला, वर पुठ्ठ्याचं झाकण लावा आणि त्याला थर्मामीटरपुरतं भोक पाडा. एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मि.ली. आणि एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ५० मि.ली. घ्या. दोन्ही द्रावणं अर्धा तास एकाच टेबलावर ठेवा म्हणजे तापमान सारखं होईल. मग अल्कली एकदम ओता, हलकेच ढवळा आणि दर अर्ध्या मिनिटाने पाच मिनिटं नोंद घ्या.

तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली यांच्या उदासिनीकरणात दर मोलला सुमारे ५७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. इथे ०.०५ मोल आहे, म्हणजे साधारण २.८५ किलोज्यूल. शंभर ग्रॅम द्रावणाला तेवढ्याने ६.८ अंशांची वाढ मिळते. आता संचातला एक अंशाचा थर्मामीटर आठवा. त्यावर अर्धा अंश इकडेतिकडे वाचला की उत्तर सात टक्क्यांनी हललं. एक दशांशाच्या थर्मामीटरवर हीच चूक दीड टक्क्यावर येते. पुस्तिकेत ‘उत्तर ५७ आलं पाहिजे’ एवढंच लिहिलेलं असतं. ते ५३ का येतं याबद्दल शब्दही नसतो, आणि मग मुलं आकडे मागून जुळवतात. ही सवय एकदा लागली की सुटत नाही, म्हणून आम्ही इतक्या तपशिलात जातोय.

उष्णता निसटते तिचाही हिशेब घालता येतो. नोंदींचा आलेख काढा, कमाल तापमानानंतरची उतरती रेष मागे ओतण्याच्या क्षणापर्यंत वाढवा आणि तिथलं तापमान घ्या.

त्यानंतर लगेच नवसागराचा प्रयोग करा. कल्हईवाले वापरतात तोच हा नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. मात्र प्रयोगाला प्रयोगशाळेच्या दर्जाचा आणा, बाजारातला अशुद्ध असतो. १०.७ ग्रॅम नवसागर १०० मि.ली. पाण्यात विरघळवला की तापमान सहा-सात अंशांनी उतरतं. उष्णता शोषली जातेय, तरीही विरघळणं आपोआप घडतंय. ‘उष्णता बाहेर पडली तरच क्रिया आपोआप होते’ हा समज इथे मोडतो आणि एंट्रॉपीची, म्हणजे कण आणि ऊर्जा किती विखुरली आहे याच्या मापाची, गरज भासते. गिब्ज ऊर्जेचं सूत्र पाठ करण्याआधी हा गार झालेला कप हातात धरावा. एंथाल्पीतला बदल, म्हणजे स्थिर दाबाला घेतलेली किंवा सोडलेली उष्णता, एकीकडे, तापमान गुणिले एंट्रॉपीतला बदल दुसरीकडे, आणि पारडं कुठे झुकतं ते पाहायचं. मूलभूत उष्मागतिकीचा गाभा एवढाच आहे.

गतिकी: हायपो आणि एक फुली

एखादी क्रिया होऊ शकते की नाही, हे उष्मागतिकी सांगते. किती वेगाने होईल ते ती सांगत नाही. त्यासाठी गतिकी ही वेगळी शाखा आहे. तिचं पहिलं नेटकं मोजमाप १८५० साली विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने केलं, आणि तेही उसाच्या साखरेवर. आम्लात साखरेचं विघटन होताना ध्रुवित प्रकाशाची दिशा कशी वळत जाते हे त्याने पोलॅरिमीटरने मोजलं. साखरेचं विशिष्ट वलन उजवीकडे ६६.५ अंश, फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झाले की मिश्रण डावीकडे वळतं. आपल्या भागातल्या साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेत ‘पोल’, म्हणजे साखरेचं प्रमाण, काढतात ते याच गुणधर्मावर: २६ ग्रॅम साखर १०० मि.ली. द्रावणात, २० सेंटिमीटरची नळी, आणि शुद्ध साखरेला ३४.६ अंशांच्या आसपास वलन. पोलॅरिमीटर या संचात नसतो आणि स्वस्त दरात चांगला मिळतही नाही. तो घेऊ नका. एखाद्या कारखान्याने प्रयोगशाळा दाखवायची परवानगी दिली तर तिथे जाऊन बघा.

घरच्या पेटीसाठी हायपोचा, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचा, प्रयोग पुरेसा आहे. त्याचे ४० ग्रॅम स्फटिक एक लिटर पाण्यात. कागदावर काळी फुली काढा, त्यावर शंकुपात्र ठेवा. त्यात ५० मि.ली. हायपो आणि ५ मि.ली. दोन मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घाला, स्टॉपवॉच चालू करा. गंधक तयार होऊन द्रावण दुधाळ होतं आणि फुली दिसेनाशी होते, तोच थांबण्याचा क्षण. मग हायपो ४०, ३०, २०, १० मि.ली. असा कमी करत जा आणि दर वेळी पाण्याने भर घालून ५० करा.

बहुतेक चुका या शेवटच्या वाक्यात होतात. पाण्याची भर विसरली की पात्रातली द्रवाची खोली कमी होते, फुली उशिरा झाकली जाते आणि तीव्रतेचा परिणाम आहे की खोलीचा, ते कळेनासं होतं. शंकुपात्र मध्येच बदललं तरी तेच. बघणारा बदलला तरीही तेच, कारण ‘दिसेनाशी’ प्रत्येकाच्या डोळ्याला वेगळी असते. सगळं नीट केलं तर एक भागिले वेळ विरुद्ध हायपोचं आकारमान हा आलेख जवळजवळ सरळ येतो, म्हणजे हायपोच्या बाबतीत क्रिया प्रथम कोटीची: तीव्रता दुप्पट तर वेगही दुप्पट.

या क्रियेत सल्फर डायऑक्साइड सुटतो. दमा असलेल्यांनी हा प्रयोग करू नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि काम झाल्याबरोबर पात्र धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात रिकामं करावं. पुस्तिकेत ही सूचना नसते, आणि ही तिची मोठी उणीव आहे.

पुन्हा तापमान. या क्रियेचा वेग दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो; सामान्य तापमानाला दुप्पट होणं म्हणजे सक्रियण ऊर्जा (क्रिया घडायला रेणूंना लागणारी किमान ऊर्जा) दर मोलला सुमारे ५३ किलोज्यूल. सांगलीत एप्रिलमध्ये सकाळी आठला २६ अंश आणि दुपारी दोनला ३८ अंश सहज असतात. पहिली दोन वाचनं सकाळी आणि उरलेली जेवणानंतर घेतली तर तुम्ही अऱ्हेनियसचं समीकरण (तापमानाचा वेगावरचा परिणाम) आणि कोटीचा नियम (तीव्रतेचा परिणाम) एकत्र कालवलात. सगळी वाचनं एका बैठकीत, पाण्याच्या टबात पात्र ठेवून घ्या. पंधरा लिटर पाण्याचा प्लास्टिकचा टब हा गरिबाचा थर्मोस्टॅट आहे. तासाभरात तो अर्ध्या अंशाहून फारसा हलत नाही.

मिथाइल ॲसिटेटच्या जलअपघटनाचा प्रयोगही अभ्यासक्रमात असतो. तो करताना ‘अनंत’ वाचनासाठी, म्हणजे क्रिया पूर्ण झाल्यावरच्या वाचनासाठी, मिश्रण तापवतात तेव्हा बूच घट्ट हवं. एस्टर ५७ अंशांना उकळतो, सैल बुचातून उडून जातो, शेवटचं वाचन कमी येतं आणि सगळा आलेख वाकतो. वेळ असेल तर तापवूच नका, दोन दिवस बंद बाटलीत राहू द्या.

विद्युत रसायनशास्त्र: पेटीचा सर्वांत कसदार भाग

१८८४ साली अऱ्हेनियसने उप्सालात सादर केलेल्या प्रबंधाला परीक्षकांनी फार खालची श्रेणी दिली होती. विरघळलेलं मीठ आयनांमध्ये फुटलेलं असतं, या विचाराचा तो पाया होता. ओस्टवाल्ड आणि व्हान्ट हॉफ त्याच्या बाजूने उभे राहिले. १८८७ मध्ये या शाखेचं पहिलं नियतकालिक निघालं आणि पुढे तिघांनाही नोबेल मिळालं: व्हान्ट हॉफला १९०१, अऱ्हेनियसला १९०३, ओस्टवाल्डला १९०९. त्या वादात कोण बरोबर होतं हे या पेटीतल्या कंडक्टिव्हिटी मीटरवर तपासता येतं.

मीटर आधी जुळवून घ्या. पोटॅशियम क्लोराइड ११० अंशांना दोन तास वाळवा, ०.७४५५ ग्रॅम मोजून एक लिटर द्रावण करा. हे ०.०१ मोलर झालं. २५ अंशांना त्याची वाहकता १.४१३ मिलीसीमेन्स प्रति सेंटिमीटर, ३० अंशांना १.५५२. म्हणजे दर अंशाला सुमारे दोन टक्के. काही मीटर आपोआप २५ अंशांना आणून आकडा दाखवतात, काही नाही. दुकानात हा प्रश्न जरूर विचारा, कारण आपोआप सुधारणारा मीटर तापमानाचा परिणाम शिकवण्याच्या कामाचा नाही. सुधारणा बंद करायची सोय असलेला मीटर मिळाला तर तोच घ्या.

पाणी हा दुसरा अडथळा. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणी डिस्टिल्ड म्हणून विकलं जातं, पण त्यावर भरवसा मीटर लावूनच ठेवावा. हवा लागलेल्या चांगल्या डिस्टिल्ड पाण्याची वाहकता एक-दोन मायक्रोसीमेन्स असते. दहाच्या वर गेली तर ते पाणी काचसामान धुवायला वापरा, द्रावणाला नको. हाच मीटर शेतात नेला तर काठावरच्या क्षारपड जमिनीचं दुखणंही दाखवतो. माती परीक्षण अहवालात ‘ईसी’ लिहितात ती हीच वाहकता. संपृक्त अर्काची ईसी चार डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त समजतात. वाळवा-मिरज पट्ट्यातल्या मुलांना हे उदाहरण वेगळं समजावावं लागत नाही.

वाहकतेवरचं टायट्रेशन जरूर करा. आम्लात सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब टाकताना वाहकता आधी झपाट्याने उतरते, मग चढते. हायड्रोजन आयनाची मोलर वाहकता ३५० च्या आसपास, सोडियमची ५०, हायड्रॉक्साइडची १९९. चपळ आयन जाऊन सुस्त आयन येतो म्हणून उतार, आणि अंतिम बिंदूनंतर हायड्रॉक्साइड साचतो म्हणून चढ. अल्कली आम्लाच्या दहापट तीव्र घ्या, नाहीतर द्रावण पातळ होत गेल्याने रेषा वाकतात.

आता डॅनियल घट. एक मोलर झिंक सल्फेट, एक मोलर कॉपर सल्फेट, मध्ये क्षारसेतू, म्हणजे दोन्ही द्रावणं जोडणारी क्षाराने भरलेली नळी. तीन ग्रॅम अगर-अगर १०० मि.ली. पाण्यात उकळून त्यात ३० ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळवा, गरम असतानाच वाकड्या नळीत भरा, बुडबुडा राहू देऊ नका. एक बुडबुडा नळीभर पसरला की सर्किट तुटतं आणि मीटरवर आकडे नाचू लागतात. पट्ट्या पॉलिश पेपरने घासून ताबडतोब वापरा. १.१० व्होल्ट आले पाहिजेत. १.०५ आले तर जस्त काळवंडलेलं असतं. काट्याचा जुना व्होल्टमीटर लावू नका, तो स्वतःच प्रवाह ओढतो. साधा डिजिटल मल्टिमीटर चालतो, त्याचा आंतररोध सहसा दहा मेगाओहम असतो.

खरी शिकवण मात्र पुढच्या जोडणीत आहे. दोन्हीकडे तांबंच, एकीकडे एक मोलर कॉपर सल्फेट, दुसरीकडे ०.०१ मोलर. तीव्रतेवरून घटाचा व्होल्टेज काढणाऱ्या नर्न्स्टच्या समीकरणात तीव्रता घातली तर ५९ मिलीव्होल्ट यायला हवेत. मीटर दाखवतो ३० च्या आसपास. मुलं घाबरतात, पट्ट्या पुन्हा घासतात, द्रावण नवं करतात, आणि तरीही तीसच. मीटर बरोबर आहे. दुहेरी भाराचे आयन एकमेकांना इतकं ओढून धरतात की एक मोलर द्रावणात त्यांची परिणामकारक तीव्रता, म्हणजे क्रियाशीलता, नाममात्र तीव्रतेच्या चार-पाच टक्केच उरते. पातळ द्रावणात ती चाळीस टक्के असते. शंभरपटीचा फरक प्रत्यक्षात दहापटीचाच राहतो. तीव्र विद्युतअपघटन्यांचा हा प्रश्न १९१८ मध्ये ज्ञानचंद्र घोष यांनी कोलकात्यात हाती घेतला होता, डिबाय आणि ह्युकेल यांनी १९२३ मध्ये त्याचा पक्का सिद्धांत मांडला. पुस्तिकेत या घटासमोर छापील उत्तर ५९ आहे. ते खोडून टाका.

पेन पीएच मीटरबद्दल थोडक्यात: ४ आणि ७ या दोन्ही बफरवर जुळवला जाणाराच घ्या, आणि त्याचा इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये कधी ठेवू नका. तीन मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा. ॲसेटिक आम्लाच्या टायट्रेशनमध्ये अर्ध्या वाटेवर पीएच ४.७६ जवळ आला तर मीटर धड आहे.

पृष्ठभाग, थेंब आणि तासगावचा बेदाणा

व्हिस्कोमीटरने चिकटपणा मोजतात, म्हणजे पुस्तकातली विष्यंदिता. पाणी दोन खुणांमधून उतरायला २५ अंशांना ९० सेकंद लागत असतील तर ३५ अंशांना ७३ सेकंदच लागतात. म्हणून इथेही नळी टबात बुडवूनच ठेवायची, दहा मिनिटं थांबायचं आणि लंब धरायची. दर वेळी पिपेटने मोजून सारखंच आकारमान घाला. अंदाजे ओतलं तर द्रवस्तंभाची उंची बदलते आणि वेळ बदलतो. घेताना पाण्याला लागणारा वेळ दुकानातच बघा. चाळीस सेकंदांत उतरत असेल तर नळीचं भोक मोठं आहे, स्टॉपवॉचची चूकच फार मोठी होईल.

स्टॅलॅग्मोमीटर थेंब मोजतो. ठरावीक आकारमानात जितके थेंब जास्त, तितका पृष्ठताण कमी. पाण्याचा पृष्ठताण २५ अंशांना ७२ मिलीन्यूटन प्रति मीटर, अल्कोहोलचा २२. मिनिटाला पंधरा ते वीसपेक्षा जास्त थेंब पडू देऊ नका; घाईचे थेंब पूर्ण भरण्याआधीच तुटतात. टोकाला बोटाचं तेल लागलं तरी आकडा बिघडतो. संचात येणाऱ्या नळीचं टोक बऱ्याचदा कपच्या उडालेलं असतं, भिंगातून पाहून घ्या.

पृष्ठ रसायनशास्त्र म्हणजे काय, असं सांगलीत कोणी विचारलं तर बेदाण्याच्या शेडकडे बोट दाखवावं. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो पाणी बाहेर जाऊ देत नाही. शेतकरी लिटरमागे २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मि.ली. इथाइल ओलिएट, म्हणजे डिपिंग ऑईल, यांच्या द्रावणात घड बुडवतात. तेल आणि पाणी एरवी एकजीव होत नाहीत. इथे बारीक थेंबांचं पायस तयार होतं, ते मेणावर पसरतं, मेणाची रचना सैल करतं आणि पाण्याला वाट मिळते. पृष्ठताण, पायस, ओलेपणा आणि विसरण हे चारही धडे त्यात आहेत. कार्बोनेट कमी पडलं किंवा द्रावण नीट घुसळलं नाही तर तेल वर तरंगतं आणि काही घड चांगले वाळतात, काही हिरवट-चिकट राहतात.

अधिशोषणासाठी, म्हणजे पदार्थ पृष्ठभागावर चिकटून राहण्याच्या प्रयोगासाठी, सक्रिय कोळसा वेगळा घ्यावा लागतो. एक ग्रॅम कोळसा, ५० मि.ली. ॲसेटिक आम्ल, अर्धा तास हलवणं, गाळणं. गाळलेल्यातले पहिले दहा मि.ली. टाकून द्या, कारण गाळणकागदही आम्ल शोषतो. पाच-सहा तीव्रता घेऊन लॉगचा आलेख काढला की फ्रॉइंडलिशची सरळ रेष दिसते.

वर्णपट, आणि पेटी जिथे संपते

ग्रेटिंगचा वर्णपटदर्शक खेळण्यासारखा दिसतो, पण काम चोख करतो. जुन्या सीएफएल दिव्याकडे धरा: पाऱ्याची हिरवी रेषा ५४६ नॅनोमीटरला, जांभळट-निळी ४३६ ला. मोजपट्टी त्यावर जुळवून घ्या. मग अल्कोहोलमध्ये चिमूटभर हळद विरघळवून गाळा आणि परीक्षानळी पांढऱ्या दिव्यासमोर धरा. निळा भाग गायब होतो. कुरकुमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, म्हणून हळद पिवळी. ठराविकच तरंगलांबी का, हा प्रश्न विचारला की पुंजयांत्रिकीचं दार उघडतं: रेणूतल्या लांब साखळीवर मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच बसू शकतात. साखळी जितकी लांब, तितका शोषणाचा पट्टा लाल रंगाकडे सरकतो.

यापुढे पेटी जात नाही. सांख्यिकीय यांत्रिकी, रेणूंच्या कंपनांचे वर्णपट, क्वांटम रसायनशास्त्र हे कागद-पेन्सिलीनेच शिकावं लागतं, आणि त्यासाठी अवकलन, आंशिक अवकलन आणि थोडं संभाव्यताशास्त्र लागतं. बारावीचं गणित सोडलेल्या मुलांनी ते आधी भरून काढावं. दुसऱ्या वर्षापर्यंत ढकलत नेलं तर तेव्हा खूप जड जातं. क्रम आम्ही असा सांगू: वायू आणि उष्मागतिकी, मग समतोल आणि विद्युत रसायन, मग गतिकी, आणि पुंजयांत्रिकी शेवटी. बरेच वर्ग पुंजयांत्रिकीपासून सुरुवात करतात. इतिहासाच्या दृष्टीने ते आकर्षक आहे, पण मोजमापाचा हात तयार नसताना त्यातले आकडे हवेतच राहतात.

पुस्तिकेचं कागद-छपाई ठीक आहे, आकृत्या स्पष्ट आहेत. पण वायुस्थिरांक कुठे ८.३१४ ज्यूल, कुठे १.९८७ कॅलरी असा सरमिसळ छापलेला असतो आणि एकक कुठेच सांगितलेलं नसतं. पहिल्या पानावर स्वतः एककांचा तक्ता लिहून चिकटवा. सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवायचे, हेही मोठ्या अक्षरात.

बिल प्रत्येक वस्तूचं वेगळं मागा. एकगठ्ठा किमतीत तांब्याचा कॅलरीमीटर, नको असलेले स्टँड आणि मुदत संपलेले बफर घुसतात. ते काढून टाकलेत तर उरलेल्या पैशात एक दशांशाचा थर्मामीटर आणि दुसरा व्हिस्कोमीटर बसतो. दुसरा लागतोच. रबरी नळी चढवताना लोक एक बाजू धरतात आणि दुसरीवर जोर देतात, की खालचं वळण कट्कन तुटतं. ज्या बाजूवर नळी चढवायची तीच बाजू पकडा, काच पाण्याने ओली करा आणि फिरवत फिरवत चढवा.